छावणीत पाणी : १६८९ ते १७०७ च्या युद्धखेळातल्या घटनांच्या नोंदी

८ जून २०२४

नकाशा, किल्ले आणि रसद हे तीन भाग आता फारशी कुरकुर न करता चालतात. आजपासून घटनांचं काम.

चौकट आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच गोंधळ होईल. खेळ मार्च १६८९ च्या अखेरीस सुरू होतो आणि फारच लांबला तर फेब्रुवारी १७०७ ला, औरंगजेबाच्या मृत्यूवर संपतो. वर्षाच्या तीन फेऱ्या : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. अठरा वर्षांच्या चौपन्न. दोन खेळाडू, एक मराठे, एक मोगल. सध्या सगळं पुठ्ठ्यावर आहे. पत्ते पुतणी रंगवते, आकडेमोड माझ्या लॅपटॉपवर.

संभाजीराजांची कैद आणि वध खेळाच्या आधी घडून गेले आहेत. तो प्रसंग फाशावर ठेवायचा नाही हे नकाशा काढायच्याही आधी ठरलं होतं. फासा चुकला म्हणून तो टळला, असा खेळ मला टेबलावर मांडायचा नाही.

रात्री बसून घटनांचा तक्ता केला. प्रत्येक ऋतूला दहा घरं, दहा बाजूंचा फासा. पूर, दुष्काळ, महामारी, फितुरी, खजिना लुटला, सुरुंग उलटला, शहजादा बिथरला, सरदारांत वितुष्ट. दर फेरीला फासा टाकायचा, निघेल ते भोगायचं. एका बैठकीत तीस घटना झाल्या. इतकं सोपं गेलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

१६ जून

पहिली चाचणी. घरात औरंगजेब व्हायला कुणी तयार नाही, म्हणून मोगल मी आणि मराठे बाबा. १६९०, १६९१ आणि १६९३ या तिन्ही पावसाळ्यांत माझी छावणी वाहून गेली. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, "तुझ्या बादशहाला तंबू ठोकायला दुसरी जागा सापडत नाही का रे?" पाचव्या वर्षी माझ्याकडे वेढा घालण्याइतकं सैन्यच उरलं नाही. बाबा जिंकले, पण चेहरा पडलेला. "मी काय केलं यात? सगळं नदीनं केलं."

रात्री गणित मांडलं. पूर दहातून एकदा, पावसाळे अठरा. म्हणजे पूर एकदाही न येण्याची शक्यता १५ टक्के, दोन किंवा अधिक वेळा येण्याची ५५ टक्के. तीन किंवा अधिक वेळा येण्याची जवळजवळ २७. म्हणजे एका खेळात तीन पूर येणं विचित्र नव्हतं. चारातल्या एका खेळात तसंच होणार. 'दहा टक्के' हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून मी फसलो.

पण आकडे दुरुस्त करून भागणार नाही. बाबांची तक्रार पूर जास्त वेळा आल्याची नव्हतीच.

२ जुलै

दोन आठवडे तक्त्याला हात लावला नाही, फक्त टिपणं वाचत होतो. प्रत्येक घटनेसमोर एकच प्रश्न लिहिला : हे खरोखर योगायोगानं झालं, की कुणीतरी केलं म्हणून झालं?

तीस घटनांपैकी निव्वळ आभाळातून पडलेल्या पाच-सहाच निघाल्या. बाकी सगळ्यांच्या मागे माणूस आहे. संताजी घोरपड्यांचं उदाहरण घेतो. नोव्हेंबर १६९५ मध्ये त्यांनी दोड्डेरीच्या गढीत मोगल सरदार कासिमखानाला कोंडलं. खान तिथेच मेला, कुणी म्हणतं अफू संपली म्हणून, कुणी म्हणतं विष घेऊन. दोनच महिन्यांत, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणला दुसरा मोगल सरदार हिम्मतखान पडला. आणि जून १६९७ मध्ये हेच संताजी शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजी मान्यांच्या हातून मारले गेले. माझ्या तक्त्यात हे 'सरदाराचा घात, फासा ७' असं होतं. पण नागोजींच्या बायकोचा भाऊ, अमृतराव निंबाळकर, संताजींनी मारवला होता. धनाजी जाधवांशी वितुष्ट वाढत गेलं होतं. शिस्त इतकी कडक की स्वतःचेच लोक धास्तावलेले. ज्या करारीपणामुळे दोड्डेरी झाली त्यानंच शत्रू पैदा केले. त्याला फाशावरचा सात म्हणणं म्हणजे अभ्यास न करता पेपर लिहिणं.

तक्ता फाडला. खरंच फाडला, कारण फाइलमध्ये ठेवला तर मी पुन्हा उघडतो.

१४ जुलै

आषाढीच्या आधी दोन दिवस आजोळी, सांगोल्याकडे. वारीमुळे पंढरपूरचे रस्ते तुंबलेले, म्हणून आडवाटेनं मामांच्या मोटरसायकलवर खवासपूरला गेलो. मी शोधत होतो ती घटना या गावची आहे.

ऑक्टोबर १७०० ची पहिली तारीख, मध्यरात्र. औरंगजेबाची छावणी इथे माण नदीच्या काठी होती, आणि नदी कोरडी म्हणून पात्रातसुद्धा तंबू पडले होते. वर डोंगरात अवेळी पाऊस कोसळला आणि पाण्याचा लोंढा झोपलेल्या छावणीत शिरला. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं, मराठे आत घुसले. गडबडीनं उठताना पाय अडखळला आणि उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. पुढे मरेपर्यंत तो थोडा लंगडत चालला. दरबाऱ्यांनी त्यावरही स्तुती शोधली : पूर्वज तैमूरही लंगडाच होता, तो वारसा आता हुजुरांकडे आला!

बादशहा तेव्हा ऐंशीच्या पुढचा होता, पण 'मराठे आले' ही भीती त्याच्या उशाशी झोपत होती हे या एका रात्रीत दिसतं. संताजींनी तुळापूरच्या छावणीत घुसून शाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेल्याची गोष्ट बखरीत आहे. तिला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पात्रात वाळू, वेड्या बाभळी आणि चार शेळ्या. मामांना हकिकत सांगितली. ते हसले. "आरं, माणला पाणी आलं की आमी पोराबाळांना घिऊन बघाय जातो. त्यात बादशा बुडतोय व्हय?"

हाच तर मुद्दा आहे. माणदेश म्हणजे दुष्काळाचं दुसरं नाव. तिथे कोरड्या पात्रात तंबू ठोकणारा माणूस मूर्ख नव्हता, शंभरातल्या नव्वद रात्री त्याचं बरोबर ठरलं असतं. योगायोग पावसाचा होता, तंबूची जागा मात्र कुणीतरी निवडली होती. माझ्या तक्त्यात पाऊसही मीच पाडत होतो आणि तंबूही मीच ठोकत होतो, खेळाडूनं फक्त बुडायचं.

परतताना माचणूरला थांबलो. ही जुनी ब्रह्मपुरी. १६९५ पासून चार वर्षं इथे मोगल छावणीचा मुख्य तळ होता. भीमेला पाणी बरं होतं.

२१ जुलै

फासा गेला, पिशवी आली. तीन कापडी पिशव्या, एकेका ऋतूची एक. पावसाळ्याच्या पिशवीत वीस सोंगट्या, त्यांतल्या खेळभरात अठरा निघणार. पुराची सोंगटी एकच. काढलेली परत टाकायची नाही. म्हणजे पूर ९० टक्के खेळांत येईल, पण एकदाच. कोणत्या वर्षी ते कुणालाच माहीत नाही.

सोंगटी निघाली म्हणजे पूर आला असं नाही. आधी इशारा. मोगल खेळाडूनं छावणीची सोंगटी नदीच्या खोऱ्यातल्या घरात ठेवली असेल तर त्याला पत्ता मिळतो : 'वर डोंगरात ढग दाटले आहेत.' मग त्यानं ठरवायचं. छावणी हलवली तर दोन धान्य खर्च आणि चालू वेढ्याची एक पायरी गेली. नाही हलवली तर दुसऱ्या छोट्या पिशवीतून एक मणी काढायचा. तीन पांढरे, एक काळा.

हलवण्याची किंमत इतकी का, हे बाबांनी विचारलं. छावणी म्हणजे चालतं शहर होतं. इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत गेला होता. घेर तीस मैल आणि माणसं पाच लाख असं त्यानं लिहिलं. आकडा फुगवलेला म्हणा, निम्मा धरा, तरी एवढं बिऱ्हाड रात्रीत उचलता येत नाही. पावसात तर नाहीच. १७०२ च्या जून-जुलैत खेळण्याहून, म्हणजे विशाळगडाहून, परत फिरताना तीस मैल कापायला या फौजेला ३८ दिवस लागले. घाट, चिखल, फुगलेले ओढे. सह्याद्रीतला जुलै ज्यानं पाहिलाय त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

४ ऑगस्ट

फितुरीचा पत्ता रद्द.

पहिल्या तक्त्यात 'किल्लेदार फितूर' ही घटना होती आणि ती निघाली की मराठ्यांचा एक किल्ला फुकट जायचा. सगळ्यांत जास्त राग याच पत्त्याचा यायचा, आणि तो रास्त होता. १७०० ते १७०४ च्या मोहिमा एकामागून एक मांडल्या की दिसतं, इथे तोफेपेक्षा थैली जास्त चालली. विशाळगड परशुराम त्र्यंबकांनी सहा महिने लढवला आणि जून १७०२ मध्ये दोन लाख रुपये घेऊन मोकळा केला. याला फितुरी म्हणायचं की हिशेब? सहा महिने बादशहाची अख्खी फौज एका डोंगराखाली अडकली, पावसाळा तोंडावर आणला, वर पैसेही मिळाले. आणि असे दिलेले किल्ले पुढे फिरून मराठ्यांकडे येत राहिले.

आता किल्ला विकणं ही मराठा खेळाडूची स्वतःची चाल आहे. वेढ्याच्या प्रत्येक फेरीला मोगल बोली लावतो, मराठा 'हो' किंवा 'अजून एक फेरी' म्हणतो. आलेल्या पैशांतून तो पुढच्या हिवाळ्यात तोच किल्ला परत घ्यायला माणसं उभी करू शकतो. पहिल्यांदा खेळलो तेव्हा बाबांनी मला सातारा दोनदा विकला. दुसऱ्यांदा विकताना चहा मागवला.

एक अपवाद सोडला आहे. तोरणा मार्च १७०४ मध्ये मोगलांनी पैसे न देता, रात्री चढून घेतला. त्यामुळे 'रात्रीचा एल्गार' ही चाल मोगलाला आहे, महाग आहे, आणि बहुतेक वेळा फसते.

११ ऑगस्ट

वैराच्या सोंगट्या चालू केल्या. संताजींसारखा कडक सरदार वापरून लढाई जिंकली की विजयाबरोबर एक वैराची सोंगटी त्याच्या पत्त्यावर. तीन झाल्या की हिवाळ्याच्या पिशवीत 'घात' ची सोंगटी पडते. त्याला विश्रांती देऊन वैर कमी करता येतं, पण मग दोड्डेरी होत नाही. वतनं वाटूनही कमी करता येतं. राजाराम महाराजांनी जिंजीहून तेच केलं, दिल्ली घेतल्यावर काय देऊ याचीसुद्धा आश्वासनं १६९१ च्या पत्रात आहेत. वतनाची किंमत खेळात शेवटच्या गुणांतून वजा होते. शिवाजी महाराजांनी वतनं का आवळली होती ते खेळाडूला शेवटी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. हा भाग मला फार आवडला आहे, म्हणजे यात काहीतरी चुकलेलं असणार.

१८ ऑगस्ट

सुरुंग. यावर दिवस गेला आणि गेला ते बरं झालं.

साताऱ्याचा वेढा डिसेंबर १६९९ पासून चालू होता, किल्ल्यावर प्रयागजी प्रभू. १३ एप्रिल १७०० ला दोन सुरुंग उडवले. पहिल्यानं तट आत कोसळला, कित्येक गडकरी गाडले गेले. प्रयागजीही ढिगाऱ्याखाली, पण जिवंत निघाले. दुसऱ्यानं बुरूज उडाला तो बाहेरच्या बाजूला, खाली हल्ल्यासाठी दाटीनं उभ्या असलेल्या मोगल फौजेवर. दोन हजारांच्या आसपास माणसं मेली.

जुन्या तक्त्यात 'सुरुंग उलटला' ही उन्हाळ्याची घटना होती, कुणी सुरुंग खणत नसला तरी निघायची. हसू नये तर काय करावं.

आता सुरुंग उडवताना मोगल खेळाडूनं आधी सांगायचं, फौज तटाच्या पायाशी उभी की मागे? पायाशी असेल आणि तट आत पडला, तर त्याच फेरीत किल्ला मिळू शकतो. बाहेर पडला तर ती फौज संपली. मागे असेल तर दोन्ही धोके कमी, पण गडकऱ्यांना खिंडार बुजवायला वेळ मिळतो. मणी तोच, पिशवी तीच. पण आता तो काढताना खेळाडूचा हात थबकतो. आज बाबांनी मोगल घेतला (शेवटी!) आणि मणी काढायच्या आधी पाणी पिऊन आले.

१ सप्टेंबर

कालगणना. ही नोंद रुक्ष आहे, पण पुढे कुणी असा खेळ करणार असेल तर त्याचे चार दिवस वाचतील.

पुतणीच्या सांगण्यावरून प्रत्येक घटनेचे दोन पत्ते केले. मोगलाला मिळतो तो दरबारी अखबाराच्या थाटाचा, वर हिजरी तारीख. मराठ्याला मिळते जासुदानं आणलेली बातमी, वर शक आणि तिथी. ऐतिहासिक तारखांवरून तिथी काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि ओळखीच्या तारखांवर ताडून पाहिला. ११ मार्च १६८९, संभाजीराजांचा वध : फाल्गुन अमावस्या, बरोबर. २ मार्च १७००, राजाराम महाराजांचा मृत्यू : यायला हवी फाल्गुन वद्य नवमी, आली अष्टमी.

दोन संध्याकाळी चंद्राच्या गणितात चूक शोधली. चूक चंद्राची नव्हती. या काळातल्या ज्या तारखा आपण पाठ केल्या आहेत त्या बहुतेक जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या पद्धतीत आणताना मी सरसकट दहा दिवस मिळवत होतो. १६८९ ला ते बरोबर. पण १७०० साली ज्युलियन कालगणनेत २९ फेब्रुवारी होता, ग्रेगोरियनमध्ये नव्हता, त्यामुळे तिथून पुढे फरक अकरा दिवसांचा. महाराज गेले ते या सांध्यानंतर अवघ्या दुसऱ्या दिवशी. साताऱ्याचा वेढा तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख कुठे २० फेब्रुवारी आणि कुठे ३ मार्च १७०७ दिसते, तीही याच अकरा दिवसांमुळे.

दुरुस्तीनंतर सहज खवासपूरची रात्र टाकून पाहिली. अमावस्येच्या आसपासची निघाली. काळोखात नुसते आवाज. मग 'मराठे आले' असं वाटण्यात नवल काय! पत्त्यावर एक ओळ वाढवली : 'चंद्र नाही.'

८ सप्टेंबर

घरी गणपती. काम नाही. पुतणीला सावंतवाडीच्या गंजिफासारखे गोल पत्ते करायचे होते. चार करून पाहिले. देखणे आहेत, पण आमच्या पुठ्ठ्याच्या गोल पत्त्यांचा गठ्ठा नीट पिसता येत नाही आणि गोलात मजकूर मावत नाही. चौकोनीच ठेवणार. ती रुसली आहे.

२२ सप्टेंबर

रुसवा गेला आणि तिनं मराठे घेतले. खेळ १७०७ पर्यंत पोचला, ती जिंकलीही, आणि मग म्हणाली, "काका, ताराबाई आलीच नाही!"

खरंच आली नव्हती. राजारामांच्या आजाराची सोंगटी पिशवीत तळाशी राहिली, ते शेवटपर्यंत जिवंत. इतिहासात ते तिसाव्या वर्षी सिंहगडावर गेले आणि पंचविशीतल्या ताराबाईंनी पुढची सात वर्षं युद्ध चालवलं. राजारामांच्या मृत्यूच्या बातमीनं मोगल छावणीत आनंदाचे नगारे वाजले, आता एक विधवा आणि लहान मुलं उरली, संपलं, असा अंदाज. याच काळातली दुसरी गोष्ट : ताराबाईंनी मुलासाठी मनसब मागत तहाची बोलणी लावली होती, बादशहानं ती झिडकारली. इतका मोठा निर्णय मोगल खेळाडूच्या हाती द्यायचा सोडून मी तो पिशवीच्या तळाशी ठेवला होता.

माझ्याच नियमानं पाहिलं तर आजार हा योगायोग, तो टळूही शकतो. पण ताराबाईंशिवाय हा खेळ कुणालाच नको आहे. मलाही नको आहे. शेवटी असं केलं : १६९९, १७००, १७०१, १७०२ या चार उन्हाळ्यांच्या चार बंद चिठ्ठ्या. खेळ मांडताना एक उचलून, न पाहता, फळीखाली सरकवायची. मृत्यू ठरलेला, साल कुणालाच माहीत नाही. त्यानंतर मोगलाला निवड : तह करायचा (किल्ल्यांचे वेढे थांबतात, खेळ गुणांवर मोजला जातो) की नगारे वाजवायचे. नगारे वाजवले तर त्या फेरीत त्याच्या फौजेला उत्साहाचा एक गुण मिळतो. पुढच्या फेरीपासून मराठ्यांना ताराबाईंचा पत्ता मिळतो, आणि तो या खेळातला सगळ्यांत जड पत्ता आहे.

नियमाला मुरड घातली आहे हे इथे लिहून ठेवतो. खेळ म्हणून योग्य, माझ्या तत्त्वाला न शोभणारी. तत्त्व वाट पाहील.

६ ऑक्टोबर

दोन पत्त्यांमुळे एक नवाच प्रकार सापडला : कंडी.

१६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी जिंजीच्या वेढ्यावर चालून गेले. मोगल छावणीचं बादशहाशी दळणवळण तुटलं. बातमी नाही म्हटल्यावर कंडी पिकली की बादशहा मेला. शहजादा कामबक्ष वेढ्यात होता, त्यानं किल्ल्यातल्या राजारामांशीच गुप्त बोलणी चालवल्याचा संशय आला, आणि असदखान व झुल्फिकारखान या बापलेकांनी शहजाद्यालाच कैद केलं. बादशहा तिकडे धडधाकट होता.

नियम असा : मोगलाच्या मुख्य छावणीपासून दूरच्या फौजेपर्यंतची डाकेची वाट मराठ्यांनी दोन फेऱ्या तोडून ठेवली, तर मराठा खेळाडू एक कंडीचा पत्ता पालथा ठेवू शकतो. त्यावर काहीही असेल. खरी बातमी, खोटी बातमी, किंवा कोराच. मोगलानं फौज थांबवायची की पुढे रेटायची ते पत्ता न पाहता ठरवायचं. इथे पिशवी नाही, मणी नाही, योगायोग नावालाही नाही. तरी आत्तापर्यंतच्या सगळ्या घटनांत हीच खेळाडूंना सगळ्यांत बेभरवशाची वाटते.

पुतणीनं आज तीनदा कोरा पत्ता ठेवला. तिन्ही वेळा मी थांबलो.

१९ ऑक्टोबर

दुष्काळ १७०२ ते १७०४. इटालियन प्रवासी मनूचीनं या काळात दुष्काळ आणि साथींत वीस लाख माणसं मेल्याचं लिहिलं आहे. पाऊस नसणं आभाळाचं, पण ज्या मुलखात वर्षानुवर्षं दोन फौजांनी पीक कापलं तिथे त्याचा घाव खोल. म्हणून छावणी एका प्रांतात सलग दोन फेऱ्या राहिली की तिथे 'उजाड' ची खूण, मराठ्यांनी रसद लुटली तरी तीच खूण. दुष्काळाची सोंगटी निघाली की उजाड प्रांतात नुकसान दुप्पट, दोघांचंही. पत्त्यावर चित्र काय काढायचं असं पुतणीनं विचारलं. काहीच नको म्हटलं. तो पत्ता कोरा पिवळा आहे.

मजकूर सगळीकडे कापला. एका पत्त्यावर चार ओळींपेक्षा जास्त नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. मामा आईकडे ओवाळून घ्यायला आले, जेवणं झाली, आणि दुपारी फळी मांडली. मामांनी न विचारता मोगल घेतला. "कुणीतरी व्हायलाच पायजे की बादशा." मराठे बाबा. मेहुणे-मेहुणे समोरासमोर.

मामा हिशेबी खेळले. किल्ले विकत घ्यायचे नाहीत असं ठरवून बसले होते, दोन वर्षांत ते सोडलं. राजारामांची चिठ्ठी १६९९ ची निघाली. मामांनी नगारे वाजवले, तोंडानं, आई आतून ओरडेपर्यंत. १७०१ च्या पावसाळ्यात त्यांची छावणी माणच्या खोऱ्यात होती, पन्हाळ्याकडे जायला ती वाट सोयीची. पुराची सोंगटी नेमकी तेव्हा निघाली.

मी पत्ता दिला. त्यांनी नदीचं नाव वाचलं आणि फळीवर ठेवून दिला. "माणला? हलवत न्हाई. दोन धान्य काय फुकट येतंय व्हय?"

काळा मणी निघाला.

छावणीतल्या सात सोंगट्यांपैकी तीन गेल्या, आणि 'बादशहा जायबंदी' ची खूण लागली : इथून पुढे छावणी एका फेरीत एकच घर चालणार. बाबा हसू दाबत होते. मी वाट पाहत होतो की आता नशिबाला शिव्या पडतील. मामांनी पत्ता पुन्हा उचलला, चष्मा लावला, आणि सावकाश वाचला. वर डोंगरात ढग दाटले आहेत. नदी कोरडी आहे. चंद्र नाही.

"हे वरच्या ढगाचं आधीच लिवलं व्हतंस?"

"हो मामा."

"मग माजंच चुकलं की." पत्ता खाली ठेवून बाबांना म्हणाले, "दाजी, तुमची चाल."

रात्री दीड वाजता आईनं दिवा घालवला. १७०३ च्या उन्हाळ्यात फळी तशीच चादरीखाली झाकून ठेवली आहे. छावणी सिंहगडापासून दोन घरं अलीकडे आहे, मामांनी सकाळची एसटी सोडून दुपारची धरायचं ठरवलंय.